खुशालीची रिंग

ऑपरेटरबाईंना नाव होतं, पण ते पेन्शनच्या कागदांपुरतंच उरलं होतं. बाकी साऱ्या वस्तीसाठी त्या ऑपरेटरबाई. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी जन्म काढला. कानाला हेडफोन, समोर भोकांचा भलामोठा बोर्ड आणि दोन्ही हातांत वायरी. एकाला दुसऱ्याशी जोडून द्यायचं आणि आपण अलगद मधून बाजूला व्हायचं, हे त्यांचं काम. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, कुणाच्या घरी कोण गेलं, सगळं आधी त्यांच्या कानावरून जायचं. पण त्यांच्या तोंडातून कधी अवाक्षर बाहेर पडलं नाही. "सगळ्यांचं जोडून दिलं, माझं तेवढं जोडायचं राहून गेलं," असं त्या स्वतःच्या लग्नाबद्दल सांगत, आणि ऐकणाऱ्याला हसावं की गप्प बसावं ते कळत नसे. बाई मात्र खुशाल हसत.

निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने त्यांनी घरात भांडी घासून घासून त्यांचा जीव काढला. मग धाकट्या भावानं सुचवलं म्हणून ज्येष्ठ नागरिक केंद्रात जायला लागल्या. केंद्र म्हणजे वाचनालयाच्या डोक्यावरचा एक लांबट हॉल. म्हाताऱ्या माणसांसाठी केलेली सोय पहिल्या मजल्यावर आणि तीही उभ्या जिन्याची, हे कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे. पण एकदा वर पोचलं की बरं वाटायचं. सकाळी खुर्चीवर बसून करायचा व्यायाम, आठवड्याला रक्तदाबाची तपासणी, बुद्धिबळाचे दोन पट, आणि महिन्यातून एकदा व्याख्यान. व्याख्यानाला बाहेरून कुणीतरी तरुण मनुष्य यायचा, म्हातारपण आनंदात कसं घालवावं ते सांगायचा आणि निम्मा हॉल तेवढ्या वेळात छान झोप काढून घ्यायचा.

तिथंच त्यांना टीचर भेटल्या. टीचरनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं होतं आणि आता त्यांना कानानं दगा दिला होता. समोर बसून मोठ्यानं बोललं तर कळायचं, फोनवर मात्र नुसती गुणगुण. "फोन म्हणजे माझ्या दृष्टीनं एक डास आहे," असं त्या म्हणायच्या. स्वतःचा आवाज स्वतःला नीट ऐकू येत नसल्यामुळे त्या कुजबुजल्या तरी ते सगळ्या हॉलला समजे. "हा मुलगा स्वतः कधी म्हातारा झालाय का?" असं एकदा त्यांनी व्याख्यात्याबद्दल ऑपरेटरबाईंच्या कानात विचारलं, तेव्हा व्याख्याता पाणी प्यायला थांबला. त्या दिवसापासून दोघी एका बाकावर. कधी बिस्किटाचा पुडा एकीचा तर चहा दुसरीचा.

खुशालीची रिंग सुरू झाली ती केंद्रातल्या ड्राफ्ट्समनमुळे. ते एकटे राहायचे. न्हाणीघरात पाय घसरून पडले ते दुसऱ्या दिवशी दुपारी सापडले, तेही दूधवाल्याला पिशवी तशीच लटकलेली दिसली म्हणून. बातमी ऐकून हॉलमध्ये सगळ्यांचे चेहरे उतरले. जो तो मनातल्या मनात आपल्या न्हाणीघराची फरशी आठवत होता. सेक्रेटरी म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. ते म्हणाले, "यावर एक उपसमिती नेमू." तेव्हा ऑपरेटरबाई उठून उभ्या राहिल्या.

"समिती कशाला? फोन आहे ना सगळ्यांकडे. एकटं राहणाऱ्या प्रत्येकानं सकाळी उठल्यावर मला एक रिंग द्यायची आणि कापायची. मी उचलणार नाही, कुणाला खर्च नाही. रिंग आली म्हणजे माणूस उठला. माझा सकाळचा दुसरा चहा होईपर्यंत ज्याची येणार नाही, त्याला मी फोन करीन. त्यानं उचलला नाही तर कंपाउंडर जाऊन दार वाजवतील."

कंपाउंडर म्हणजे जन्मभर एका दवाखान्यात पुड्या बांधलेले, स्कूटर असलेले आणि नाही म्हणता न येणारे गृहस्थ. त्यांनी मान डोलावली. अशी ती रिंग सुरू झाली आणि चालली. रोज सकाळी बाई खिडकीशी खुर्ची टाकून बसायच्या, मांडीवर फोन. एक रिंग, बंद. पुन्हा एक रिंग, बंद. नाव न बघताही त्यांना कळायचं कोण आहे. अर्ध्यातच कापणारे चिक्कू, दोनदा वाजवणारे घाबरट. एकदा प्रोफेसर रिंग द्यायची विसरले, तर कंपाउंडर शर्टाची बटणंही न लावता धावले आणि तोंडात ब्रश घातलेल्या प्रोफेसरांना दारातच मिठी मारून मोकळे झाले. त्या मिठीवर केंद्रात बरेच दिवस हशा पिकला.

पण या सगळ्या व्यवस्थेत एक भोक होतं, आणि ते फक्त टीचरना दिसलं. शेवटी गणिताच्या बाई.

"आणि तुझं काय गं?" त्यांनी विचारलं. "तू सगळ्यांच्या रिंगा घेणार. तू न्हाणीघरात पडलीस तर तुझी वाट कोण बघणार?"

ऑपरेटरबाईंना खरोखरच ते सुचलं नव्हतं. जन्मभर त्या जोडणाऱ्या. आपल्यालाही कुणाशी जोडलेलं असावं लागतं, हे लक्षातच आलं नव्हतं.

"असं करू," टीचर म्हणाल्या. "माझी रिंग आली की तू मला एक उलटी द्यायचीस. मला ऐकू आली नाही तरी फोन थरथरतो, दिवा लागतो. तुझा दिवा लागला नाही तर मी अशीच्या अशी निघून येईन. गाऊनवर."

आणि खरंच एकदा बाईंचा फोन बंद पडला होता तेव्हा टीचर गाऊनवर, केस मोकळे, रिक्षा करून दारात उभ्या होत्या. त्या सकाळी दोघी एकमेकींना शिव्या देत रडल्या आणि मग चहा प्यायल्या. ऑपरेटरबाईंच्या आयुष्यात इतकं कुणी धावत आलं नव्हतं.

याच दिवसांत धाकट्या भावानं दुसऱ्या गावाला घर बांधलं. खाली एक खोली, तिलाच जोडून न्हाणीघर, खिडकीतून झाड दिसेल अशी. "ताई, ही तुझी," तो म्हणाला. "कधीही ये. पण ये." भाऊ मनापासून बोलत होता, आणि भावजयही वन्सं, वन्सं करत पडदे कुठले लावायचे ते विचारत होती. बाईंच्या मनात जायचं आलं होतं, खोटं कशाला सांगा? जिना आता त्यांनाही जड जात होता.

त्यांनी टीचरना सांगितलं. टीचरचा चेहरा पांढरा पडला.

"जाऊ नकोस," त्या म्हणाल्या, आणि त्यांचं ते जाऊ नकोस सगळ्या हॉलनं ऐकलं. "माझा मुलगाही मागे लागलाय माझ्या. मी त्याला साफ नाही सांगितलंय. तू गेलीस तर मी इथं कुणाच्या जिवावर राहू? आपण दोघी इथंच. घाल हातावर हात."

बाईंनी हात घातला. घरी येऊन भावाला कळवलं, एवढ्यात जमणार नाही.

थंडीत बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. भावजय येऊन राहिली, तिनं फोन लांब ठेवला, आणि तेवढे दिवस रिंगा कंपाउंडरनी घेतल्या. पट्टी निघून बाई पुन्हा हॉलमध्ये गेल्या तर बाकावर टीचर नाहीत. संध्याकाळी टीचरची स्वयंपाकाची बाई निरोप घेऊन आली. "बाईंचा गुडघा सुजलाय. डॉक्टरांनी जिना बंद केलाय. मुलगा आलाय, घरात पाहुणे आहेत, रंगकाम काढलंय. तुम्ही धुळीत येऊ नका म्हणाल्या, डोळा नवा आहे. बरं वाटलं की त्याच येतील."

आता कुणीही म्हणेल, तरी एकदा जाऊन यायचं होतं. पण बाईंचा स्वभाव आडवा. येऊ नका म्हटल्यावर त्या कुणाच्या दारात उभ्या राहणाऱ्यातल्या नव्हत्या. रुसल्या. मनात म्हणाल्या, गाऊनवर धावत येणारीला आता माझ्यासाठी धुळीची सबब सापडते का! पण रिंग रोज येत होती. टीचरची रिंग पूर्वी कधी पहाटेच यायची, तर कधी चहा गार झाल्यावर. आता ती घड्याळ लावल्यासारखी यायची. ऑपरेटरबाईंना वाटलं, मनाला खातंय तिच्या, म्हणून वेळ पाळते आहे. आणि त्या रोज न चुकता उलटी रिंग द्यायच्या. रुसवा आपल्या जागी, दिवा आपल्या जागी.

थंडी सरली आणि भावाचा फोन आला. "ताई, शेवटचं विचारतो. इकडं सासूबाई एकट्या पडल्यात, त्यांना आणायचं चाललंय. तू येणार असशील तर खोली तुझीच, मी हिला तसं सांगतो, त्यांची काहीतरी दुसरी सोय करू. पण तू नक्की येणार नसशील, तर..."

दुसऱ्या दिवशी बाईंनी ही गोष्ट केंद्रात काढली. सेक्रेटरी आणि कंपाउंडर दोघेच होते तिथं. "टीचरना विचारायला हवं," बाई म्हणाल्या. "तिचा गुडघा असाच राहणार असेल, तिलाच मुलाकडं जायचं असेल, तर मी कशाला इथं अडकून पडू? आज जाऊनच येते तिच्याकडे."

कंपाउंडर बुद्धिबळाची प्यादी डब्यात भरायला लागले. सेक्रेटरी घाईघाईनं म्हणाले, "अहो, आज नका जाऊ, त्यांना मुलानं तपासायला नेलंय बाहेरगावी. आणि विचारायचं काय त्यात? त्यांचं ठरलेलंच आहे की. पुढच्या महिन्यात येतील बघा बाकावर. तुम्ही गेलात तर त्यांना काय वाटेल?"

तर बाईंनी भावाला नाही सांगितलं. भाऊ म्हणाला, "बरं ताई. तुला जसं योग्य वाटेल तसं." आठवड्याभरात भावजयीच्या आई त्या खोलीत राहायला आल्या.

मग ती सकाळ उजाडली. सगळ्यांच्या रिंगा आल्या, टीचरची आली नाही. बाईंचा दुसरा चहा संपला. त्यांनी तिसरा केला, तो प्यायल्या नाहीत. टीचरना फोन लावला; तो नुसता वाजत राहिला, आणि त्यात नवल नव्हतं. त्यांनी कंपाउंडरना लावला.

"टीचरची रिंग नाही. निघा."

"येईल हो," कंपाउंडर म्हणाले. "थोडं थांबू या."

"थांबू या? त्या प्रोफेसरांच्या वेळी बटणं लावायला थांबला नव्हतात तुम्ही!"

"गाडी पंक्चर आहे माझी."

"मग मी जाते," बाई म्हणाल्या आणि पायात आल्या त्या चपला घालून घराबाहेर पडल्या. रिक्षात त्यांच्या डोळ्यांसमोर न्हाणीघराची ओली फरशी होती आणि तिच्यावर टीचर. इतके दिवस आपण फुगून बसलो, या विचारानं त्यांचा जीव नुसता कासावीस झाला होता. देवा, एवढ्या वेळेस वाचव तिला, मी पाया पडेन तिच्या, असं त्या पुटपुटत होत्या आणि रिक्षावाला आरशातून बघत होता.

टीचरचं घर तळमजल्यावर. दाराला बाहेरून कुलूप होतं. बाईंनी ते हातानं ओढून पाहिलं, मग दारावर थापा मारल्या, हाका मारल्या. खिडकीतल्या कुंड्या नव्हत्या. उंबरठ्यावर धूळ बसलेली, तिच्यात मांजराची पावलं. दवाखान्यात हलवलं असेल, बाईंना वाटलं. एवढ्यात मागं स्कूटर थांबली. पंक्चर गाडी बरी चालत होती.

"कुठल्या दवाखान्यात नेलंय?" बाईंनी वळून विचारलं.

कंपाउंडरनी उत्तर द्यायच्या आत बाईंच्या हातातला फोन वाजला. एक रिंग. बंद. त्यांनी पाहिलं तर नाव टीचरचं. समोर कुलूप, उंबरठ्यावर धूळ, आणि हातात टीचरची खुशाली.

कंपाउंडर पायरीवर बसले. "त्या गेल्या, ऑपरेटरबाई," ते म्हणाले. बाईंचा चेहरा बघून घाईनं म्हणाले, "तशा नाही हो. मुलाकडं गेल्या. कायमच्या. थंडीतच. तुमच्या डोळ्याला पट्टी होती तेव्हा."

"मग ही रिंग कुणाची?"

कंपाउंडरनी उठून कोपऱ्यावरचं घर दाखवलं.

टीचरची स्वयंपाकाची बाई आता त्या घरी कामाला होती. हात पुसत बाहेर आली, आणि ऑपरेटरबाईंना बघताच तिच्या तोंडचं पाणी पळालं. कमरेला टीचरचा जुना फोन खोचलेला होता.

"आज उशीर झाला, माफ करा," ती म्हणाली. "पोरीला ताप होता. एरवी मी एक दिवस चुकवलेला नाही. बाईंनी सांगितलं होतं, मुलानं नवा फोन दिलाय, हा तू ठेव, पण रोज सकाळी एक रिंग दे त्यांना. त्यांच्या जिवाला बरं वाटतं म्हणाल्या. आणि गुडघ्याचा निरोपही त्यांनीच पढवून ठेवला होता. मला खोटं बोलायचं नव्हतं हो, पण त्या रडत होत्या."

ऑपरेटरबाईंनी विचारलं, "आणि मी उलटी रिंग देते, तिचं काय करतेस?"

"ती येते ना एक. मी उचलत नाही."

"बघतेस का?"

"आता कधी हात पिठात असतात, कधी फोन पिशवीत. वाजला तर वाजला."

"आणि समज, एखाद्या दिवशी ती आलीच नाही. तर काय करायचं म्हणून सांगितलं होतं टीचरनी?"

स्वयंपाकाच्या बाईनं आठवून पाहिलं. प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "त्याचं काही बोलल्या नव्हत्या."

सबंध थंडी आणि तिच्यानंतरचे दिवस ऑपरेटरबाई रोज सकाळी, आपण जिवंत आहोत, हे एका पिठाच्या डब्याला कळवत होत्या. मेल्या असत्या तर सर्वांच्या रिंगा त्यांच्या मांडीवर वाजून गेल्या असत्या आणि सगळे निश्चिंत मनानं व्यायामाला गेले असते. टीचर गेल्या याचा राग पुढं येणार होता. पण ही एवढी साधी गोष्ट, जी त्यांनी स्वतःच शोधून काढली होती, ती जाताना कुणाच्या तरी पदरात घालायची त्यांना आठवण राहिली नाही, हे बाईंच्या काळजाला लागलं.

तिथून त्या सरळ हॉलवर गेल्या. जिना कसा चढल्या त्यांनाच ठाऊक. व्यायाम चालू होता. सगळे खुर्च्यांवर बसून हात वर करून होते, आणि बाईंच्या मागं उभ्या कंपाउंडरांचं तोंड बघून ते हात तसेच वर राहिले.

"टीचरच्या निरोपाचा कार्यक्रम केला होता का?" बाईंनी सेक्रेटरींना विचारलं.

"तसा साधाच," सेक्रेटरी म्हणाले. "चहा आणि बिस्किटं. अहो, टीचरनीच शपथ घातली होती. मला तिला तोंडावर सांगवत नाही म्हणाल्या. हळूहळू कळू दे म्हणाल्या."

"तिला तोंड दाखवायची लाज वाटली, हे मला समजतं. तुम्हाला कसली लाज वाटत होती? माझ्या भावानं खोली धरून ठेवली होती. मी इथं उभी राहून तुम्हाला विचारलं होतं. टीचरकडं आज जाते म्हणाले होते. तिला तपासायला नेलंय म्हणून तुम्ही मला थांबवलंत."

सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला. बँकेत कर्ज नाकारतानाही ते बहुधा असाच पुसत असतील. "तुम्ही रागावणार, ते बरोबर आहे. पण आमचाही विचार करा. तुम्ही गेला असता तर रिंगा कोण घेणार होतं? कंपाउंडरनी तो आठवडा घेतल्या तर तिघांच्या विसरले. रोज सकाळी घरात बांधून कोण बसेल? इथं एकटी राहणारी एवढी माणसं आहेत."

म्हणजे असं होतं तर. बाईंनी हॉलभर नजर फिरवली. प्रोफेसर होते, ड्राफ्ट्समन काठीवर हनुवटी टेकून होते. सगळ्यांनी ती बिस्किटं खाल्ली होती. आणि दुसऱ्या दिवसापासून रोज त्यांना रिंग दिली होती, मी ठीक आहे म्हणून. एकाच्याही तोंडातून अवाक्षर फुटलं नाही. जन्मभर बाईंनी लोकांची गुपितं पोटात ठेवली, आणि म्हातारपणी लोकांनी मिळून एक गुपित ठेवलं तेही त्यांच्याचपासून.

"मला वाटत होतं मी तुम्हाला सांभाळते," बाई म्हणाल्या. "तुम्ही तर मला कुलूप लावून ठेवलं होतंत."

कुणीतरी खुर्ची पुढं केली. त्या बसल्या नाहीत.

संध्याकाळी त्यांनी भावाला फोन लावला. पलीकडून भावजयीच्या आईचा हसण्याचा आवाज येत होता, भाऊही खुशीत होता. "बोल ताई! अगं, सासूबाई छान रुळल्यात. झाडाखाली खुर्ची टाकून बसतात. तू बरी आहेस ना? टीचर कशा आहेत?"

"बरी आहे," बाई म्हणाल्या. "सहज केला होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची खिडकीशी ओढायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. फोन कपाटात टाकायचा आणि पडून राहायचं. मग ड्राफ्ट्समनची आठवण आली. त्यांनीही बिस्किटं खाल्लीच होती, पण न्हाणीघरात पुन्हा पडायचे ते. बाईंनी चरफडत खुर्ची ओढली, आणि एकेकाला स्वतः फोन करून नवा नियम सांगितला. आता रिंग चालणार नाही. मी फोन उचलणार, आणि तुम्ही स्वतःच्या तोंडानं बोलायचं. रिंग काय, कुणीही देतं.

चिक्कूंनी पैशांची कुरकूर केली, पण करायला लागले. पहिले काही दिवस प्रत्येकाला सकाळी सकाळी माफी मागायची हुक्की यायची. "ऑपरेटरबाई, त्या दिवसापासून मला झोप नाही," असं प्रोफेसर सुरू करायचे आणि बाई मध्येच तोडायच्या, "जिवंत आहात, कळलं. ठेवा." कंपाउंडर म्हणाले, मी तुम्हाला रोज उलटा फोन करत जाईन. बाई म्हणाल्या, गाडीचं पंक्चर काढा आधी. तरी ते करत राहिले आणि त्या उचलत राहिल्या. पण त्या नुसतं हं म्हणत, आणि केंद्राचा जिना त्या पुन्हा चढल्या नाहीत.

आणि मग एका सकाळी अनोळखी नंबर आला. नियमाप्रमाणे बाईंनी उचलला.

"अगं, मी बोलतेय!" टीचर ओरडल्या. इतक्या मोठ्यानं की बाईंनी फोन कानापासून लांब धरला. "ऐक, ऐक ना. मुलानं मला कानाचं यंत्र आणून दिलंय. आता फोनवर सगळं ऐकू येतं! म्हटलं, पहिला आवाज तुझाच ऐकायचा. कंपाउंडरनी कळवलंय मला सगळं. तू रागावली असशील. पण मी तरी काय करू गं, मुलगा गाडी घेऊन दारात उभा, आणि तुझ्या डोळ्याला पट्टी. तुला कसं सांगू? तू मला नाही म्हणाली असतीस तर मी गेलेच नसते, म्हणून सांगितलं नाही. बोल की. शिव्या दे, पण बोल. इतकी वर्षं शेजारी बसलो, तुझा फोनवरचा आवाज कसा आहे ते मला माहीतच नाही."

बाईंच्या ओठांवर खूप काही आलं होतं. खोली आली होती, तिच्या खिडकीतलं झाड आलं होतं, रिक्षातला तो नवस आला होता, आणि पिठाचा डबा. टीचर पलीकडं वाट बघत होत्या. त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. ऑपरेटरबाईंनी पाठ ताठ केली आणि स्वच्छ, सपाट, कुणाचाही नसलेल्या आवाजात त्या म्हणाल्या,

"आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही. कृपया क्रमांक तपासून पाहा."

"अगं..." टीचर म्हणाल्या. "अगं, तूच आहेस ना ही?"

बाईंनी फोन ठेवला. तो लगेच पुन्हा वाजला, तोच नंबर. त्यांनी तो मांडीवर ठेवून थांबेपर्यंत पूर्ण वाजू दिला.